साखळीचं दार

ज्याच्या घराले जन्मापासून दार हाय, त्याले दाराची किंमत नाई समजत. मले इचारा. आमच्या घराले बांबूची ताटी होती. बकरीनं शिंग लावलं का ताटी बाजूले. बकरी येई, कुत्रं येई, सासूबाईच्या मैतरनी येत, अन् कोनी कोनाले इचारत नसे. मी वेनी घालत असो का जेवत असो, मानूस मधात उभा. "काय रांधलं वो आज?" म्हने, अन् गंजावरची झाकनी उचलून पाहून घेई.

आमच्या येरबोडीत साखळीचं दार एकच, गुणवंतराव पाटलाच्या घरी. सागवानी फळ्या, पितळेची फुलं अन् ही मोठी लोखंडी साखळी. मी चाळनी मागाले गेली का साखळी वाजवा लागे. आतून पाटलीनबाई, आशाबाई, इचारे, "कोन हाय?"

आता, तिच्या खिडकीतून आंगन अख्खं दिसते. मी आंगनात शिरल्यापासून तिले दिसत होती. तरी इचारे.

"मी मनकर्णा."

"कोनती मनकर्णा?"

गावात मनकर्णा एकच होती. मंग आशाबाई आरामात उठे, आरामात येई, अन् दार उघडे तेबी अर्धं. मी तिथी चाळनीसाठी उभी असो, अन् मनात मातर चाळनी नसे. तिच्या सोन्याच्या पोतीचाबी मले कधी हेवा वाटला नाई. मले एवढंच वाटे का जन्मात एकदा कोनी माझ्या दाराची साखळी वाजवावी, अन् मी आत बसून इचारावं, "कोन हाय?"

नागपूरची राजधानी मुंबईले गेली, त्याच्या पुढच्या साली सरकारच्या मनात आलं का खेड्यातल्या लोकाईले चांगलं घर कसं असते ते बांधून दाखवावं. नमुन्याचं घर. त्यासाठी भैयाजी आला. नागपूरचा पोरगा, मुंबईले घराचे नकाशे काढाले शिकलेला, अंगानं बारीक, डोळ्याले चश्मा अन् खांद्यावर पत्र्याची नळी. नळीत नकाशे. चावडीवर चिठ्ठ्या टाकल्या, अन् चिठ्ठी चंदाच्या बापाच्या नावाची निघाली. चंदा माझी पोरगी, अन् तिचा बाप म्हनजे आमचे घरचे. मी त्याईचं नाव घेत नाई. गाव त्याईले वारलू म्हनते.

भैयाजीनं मले इचारलं, "बाई, तुम्हाला घरात काय काय हवं?"

मले हे आजपर्यंत कोनी इचारलं नव्हतं, लगनाच्या येळेसबी नाई. मी म्हनलं, "दार. साखळीचं."

"आणि?"

"आनखी काई नाई. साखळी वाजली पाहिजे."

तो हासला अन् त्यानं लिहून घेतलं. आमचं जुनं घर पाडलं, आमी बैलाच्या कोठ्यात राहाले गेलो. पुराचं पानी आत नाई यावं म्हनून कमरेएवढं जोतं बांधलं. जोतं झालं अन् भैयाजीले हिवताप आला. असा थरथरे का खाट चालाले लागे. त्याले बैलबंडीत टाकून मूल गावाले नेला, तिथून चांद्याच्या दवाखान्यात. जाता जाता त्यानं पत्र्याची नळी पोचू गवंड्याच्या हाती देल्ली अन् म्हने, "यात सगळं आहे. यात आहे तसंच करा."

पोचूनं आजवर विहिरी बांधल्या होत्या अन् देवळाचे ओटे. त्यानं कागद पसरले. एकात नुसते चौकोन होते. पोचू म्हने, "हे वरून पाह्यलेलं घर हाय, कावळ्याच्या कामाचं." ते ठेवून देल्लं. दुसरा कागद मातर त्याले झटक्यात समजला. त्यात चूल दिसत होती, चुलीवरची फळी दिसत होती, छपराचं लाकूड अन् कवेलू दिसत होते. अन् मधोमध एक मानूस, एक हात वर करून उभा.

पोचू कामाचा चोख मानूस. त्यानं तसंच केलं.

मी रोज डबा घेऊन जाओ अन् पाहो. एक दिवस इचारलं, "पोचूभाऊ, समोरची भिंत कुठी हाय?"

"नकाशात नाई."

"अन् हे मातीचं काय करून राह्यले मधात?"

"मानूस. नकाशात हाय."

मले वाटलं, शहरातली रीत असंल, मोठं सामान आत नेल्यावर भिंत घालत असतीन. मी चूप बसली. माझं चुकलंच म्हना, पन सरकारच्या कागदापुढे मी काय बोलनार. असं घर उभं झालं. तीन भिंती, वर छप्पर, समोर सताड मोकळं, अन् मधात पुरुषभर उंचीचा मातीचा बुवा, कोनाले तरी टाटा करून राह्यल्यासारखा. दाराच्या फळ्याबी पोचूनं चुलीवरच्या फळीले लावून टाकल्या. फळी कागदात होती, दार नव्हतं.

आता येरबोडीची गोष्ट सांगा लागते. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं का मानसाले नाटक लागते. एक येळ भात सोडंल, तालीम नाई सोडनार. गुणवंतराव गावचे पाटील, अन् गावच्या नाटक मंडळीचे मालकबी तेच. दरसाल मंडईच्या, म्हनजे गावच्या जत्रेच्या, आधी चिखलाचा ओटा करा लागे, त्यावर मांडव, अन् दरसाल राजाच्या पायाखाली ओटा खचे. गुणवंतराव आमचं नवं घर पाहाले आले. कमरेएवढं जोतं पाह्यलं, तीन भिंती पाह्यल्या, समोरचा मोकळेपना पाह्यला. त्याईनं वहाना काढल्या अन् हात जोडले.

"सरकारले समजलं," म्हने. "आमच्या गावाले काय पाहिजे ते सरकारले समजलं."

आमच्या घरच्याईले तं आनंद मावेना. त्या काळात बाया नाटकात नसत, मानसंच मिशी काढून लुगडं नेसत. अन् मंडळीची रानी म्हनजे आमचे हे, लगनाच्या आधीपासून. लुगडं माझं, बांगड्या माझ्या. स्टेजवर अशी नाजूक चाल का बाया पाहून शिकत. घरी एक घागर उचलाले सांगितली का कंबर धरत.

भैयाजी बरा होऊन आला. बंडीतून उतरला, घराकडे पाह्यलं अन् होता तिथीच खाली बसला. आमाले वाटलं ताप उलटला.

"हे सेक्शन आहे," तो म्हने.

"ते काय असते?" मी इचारलं.

"बाई, पपई कापली की आतल्या बिया दिसतात ना, तसं घर मधून कापून दाखवतात. फक्त कागदावर. आतलं समजावं म्हणून."

"मंग कापलेली पपई कोनी झाडाले लावते काय?"

तो बुव्याकडे बोट करून म्हने, "आणि हा माणूस घराची उंची समजावी म्हणून काढला होता."

पोचू म्हने, "मंग समजली ना उंची."

इटा संपल्या होत्या, लाकूड संपलं होतं. आनखी मागाचं तं चूक सांगा लागे, अन् चूक सांगितली तं नोकरी जाई. पयलीच नोकरी होती बिचाऱ्याची. मी भांडाले म्हनून पदर खोचून आली होती, पन तो असा डोळे पुसून राह्यला का मले कीव आली. मी म्हनलं, "रडू नका. पन माझं दार तुमच्याकडं लागून हाय, हे ध्यानात ठेवा."

"एक महिना द्या, बाई," तो म्हने. "काहीतरी करतो."

त्यानं काय केलं म्हनान, तं समोरच्या कडुलिंबाखाली खाट टाकली अन् माझ्या घराकडे तोंड करून बसला. म्हने, हे संशोधन. खेड्यातली बाई घरात कशी वावरते, चुलीपासून पान्यापर्यंत कशी जाते, हे आजवर कोनाले पाहाले भेटलंच नाई, कारन मधी भिंत येते. मी इकडून तिकडं गेली का तो कागदावर रेघ ओढे. मी पानी प्याली, रेघ. मी शिंकली तं चश्मा वर करून पाहे. दोन दिवस मी सहन केलं. तिसऱ्या दिवशी मले असा संताप आला का चहा ठेवाच्या आधी मी त्या मातीच्या बुव्याभोवती गरगर फेऱ्या मारल्या, रेघ ओढून ओढून त्याचा हात दुखावा म्हनून. त्याचा चेहरा उजळला. रोज सकाळी तो वाट पाहे, अन् रोज सकाळी मी फेऱ्या मारो.

त्याचं ते संशोधन पुढं नागपुरात छापून आलं. त्यात लिहिलं होतं का इथली गृहिनी दिवसाची सुरुवात गृहदेवतेच्या प्रदक्षिनेनं करते. त्याले शाबासकी भेटली म्हनतात. मी अजून कोनाले खरं सांगितलं नाई, हे आता तुमाले सांगून राह्यली.

तालीमबी माझ्याच घरात सुरू झाली. दिवे लागले का पेटीवाला चुलीजवळ बसे, राजा धान साठवाच्या ढोलीवर पाय ठेवून दरडावे, अन् आमचे हे लुगडं नेसून रानी चंपाकळीचा विलाप करत. मी मधात लाखोळीची डाळ शिजवो. कुठी जाऊ? घर माझं होतं. समोर अर्धं गाव बसलेलं. रानी म्हने, "प्राणनाथा, माझा काय अपराध?" अन् पब्लिकमधून कोनी म्हने, "मनकर्णाबाई, डाळ उतू जाऊन राह्यली." पयले ताटी होती तं निदान एकएक जन येऊन गंजात डोकावे. आता गाव एकसाथ डोकावत होतं. आशाबाईबी येऊन पुढं बसे. एक दिवस तिनं मले बसल्या जागेवरून सांगितलं का मीठ दुसऱ्यांदा टाकून राह्यली तू. टाकलंच होतं. त्या दिवशी मी रडली, अन् रडतानाबी समोर लोक बसले होते.

मंग चांद्याहून निरोप आला. खात्याचे मोठे साहेब घर पाहाले येनार.

भैयाजीनं दोन दिवस अन्न नाई खाल्लं. मंग गुणवंतरावाकडं गेला. मंडळीले नवा दर्शनी पडदा पाहिजेच होता, गुणवंतरावानं मूलच्या बाजारातून मांजरपाट आनलं होतं. भैयाजीनं गेरू घेतला, चुना घेतला, काजळी, नीळ, हळद, सारं कालवलं अन् लागला कामाले. मी त्याले असा कधी पाह्यला नव्हता. घराच्या नकाशाची एकएक रेघ तो चारदा खोडे. इथी शीळ वाजवून राह्यला होता. अशी भिंत रंगवली का इटेवर इट मोजून घ्या. मधात सागवानी दार, दाराले साखळी, साखळीची सावलीसुद्धा. बाजूले खिडकी, अन् खिडकीत एक बाई, कपाळाले आठ्या घालून बाहेर पाहून राह्यली.

मी चंदाच्या बापाले इचारलं, "माझं तोंड एवढं वाकडं हाय काय?"

"नाई," ते म्हने. "त्यानं थोडं सरळ केलं."

छपरापासून पडदा सोडला. दोन्हीकून कोपऱ्याले बांधला. दोर मातीच्या बुव्याच्या वर केलेल्या हातातून काढला, खाली सोडला. दुरून पाह्यलं तं घर पुरं झालेलं. मलेबी क्षनभर वाटलं का झालं.

भर दुपारी जीप आली. मी पडद्यामागं, घरात. बाहेर भैयाजी, गुणवंतराव, पोचू अन् गाव. सांगून ठेवलं होतं का कोनी हासनार नाई.

"वा," साहेबाचा आवाज आला. "फार सुबक काम आहे." मंग ते जवळ आले, अन् खिडकीतल्या बाईले त्याईनं नमस्कार केला. चित्रच ते, काय नमस्कार घेनार.

"जरा रागीट दिसतात," साहेब म्हने.

"स्वभाव आहे, साहेब," भैयाजी म्हने.

तेवढ्यात वारा सुटला, अन् अख्खी भिंत फुगली, मंग आत गेली, मंग परत फुगली.

"ही भिंत हलते का हो?" साहेबानं इचारलं.

"कच्च्या विटांची आहे, साहेब. हवा खेळती राहते." भैयाजीचा आवाज एवढासा.

"हवेशीर," साहेब म्हने, अन् लिहून घेतलं असंल. मंग त्याईनं साखळीवर हात नेला. मले आतून बोटाचा ठसा दिसे, कापडावर साखळी शोधून राह्यलेला. आता सारं उघडं पडनार. मी पटकन पोळपाट उचलला अन् त्यावर बेलनं हानलं, टकटक. साहेबानं बोट मागं घेतलं. त्याले वाटलं, वाजली.

पाहा, त्या येळेस माझ्या तोंडात ते शब्द आले होते. साहेब मानूस बाहेर उभा, साखळी वाजलेली, मी आत. जन्मभर ज्याची वाट पाह्यली तेच. पन मी गिळले. रंगवलेल्या दारावर मी माझं "कोन हाय" घालवनार नव्हती. मी एवढंच म्हनलं, "घरी मानूस नाई. बाई एकटी हाय."

"मग आत जाणं बरं नाही," साहेब म्हने. लई सभ्य मानूस. कागदावर घर पास करून जीपमधी बसून गेला.

गावानं गूळ वाटला. भैयाजी मातर तोंड पाडून माझ्याकडं आला.

"बाई, आता कागदावर तुमच्या घराला भिंत आहे. दारही आहे. असलेली भिंत पुन्हा मागता येत नाही."

मी त्याची नोकरी वाचवली अन् आपलंच दार घालवलं होतं. मी सूप घेऊन डाळ पाखडत बसली, तं तो जास्त भेला. म्हने, मी स्वतःच्या हातानं बांधतो. मंदिरामागची एक पडलेली इट उचलून आनली अन् पायावर पाडून घेतली. गुणवंतराव म्हने, मंडई होऊ दे, मंग पाहू. अन् चंदाचा बाप म्हने, "चंदाची माय, एवढं एक साल राहू दे ना मोकळं. कसं झकास दिसते." मी त्याईच्या ताटात भात वाढला अन् डाळ नाई वाढली.

मंडईचा दिवस आला. चामोर्शीकडच्या बंड्या नदी ओलांडून आल्या, मूलकडच्या सडकेनं आल्या. बसाले पसरलेल्या धानाच्या तणसावर माय मावेना. गॅसबत्त्या लागल्या. पडदा वर गेला तं लोकाईनं पडद्यालेच टाळ्या देल्ल्या. पयला अंक झाला, दुसरा झाला. रानीवर खोटा आळ आला, राजानं तिले विषाचा पेला पाठवला. रानीनं पेला ओठाले लावला अन् पडदा पडला. बाया हुंदके देऊन राह्यल्या. शेवटच्या अंकात समजनार होतं का रानी जगते का मरते.

दोर माझ्या चुलीजवळ येत होता. मी तो बुडाखाली घेतला अन् बसली.

पयले पेटीवाला आला, मंग राजा आला. मंग आमचे हे, माझंच लुगडं, हातात विषाचा पेला. "चंदाची माय, सोड ना वो दोर. घामानं तोंडाची हळद उतरून राह्यली."

"भिंत," मी म्हनलं.

गुणवंतराव आले, हात जोडले. बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. मी आवाज चढवला, असा का नदीपल्याडबी ऐकू गेला असंल. "बायाबापूहो, हा पडदा माझ्या घरचा हाय अन् हे स्टेज माझं सैपाकघर हाय. इथी भिंत अन् दार लागंल असं गाव म्हनत नाई तोवर रानी जगनार नाई अन् मरनारबी नाई."

बाहेर गलका झाला. कोनी म्हने, मी एक बंडी इटा देतो. कोनी म्हने, मूलच्या गिरनीत धान पोचवून येतानी माझीबी बंडी इटा आनंल. पोचू म्हने, मजुरी माझी. मारोतीची आन घेतली साऱ्याईनं.

"अन् दार?" मी म्हनलं.

सागवानी दार काय झाडाले लागते? तेवढ्यात पुढच्या रांगेतून आशाबाईचा आवाज आला, रडून रडून बसलेला. "माझं घेऊन जाय. साखळीसगट घेऊन जाय. पन त्या रानीचं काय झालं ते पाहू दे वो बाई."

मी उठली. दोर ओढला.

रानी जगली. पेल्यात विष नव्हतं, दाईनं बदललं होतं. मलेबी लई बरं वाटलं.

भिंत झाली. पोचूनं यावेळेस कागद पाह्यलाच नाई, मीच समोर उभी राहून सांगितलं. पाटलाचं दार निघालं अन् माझ्या घराले लागलं. पाटलाच्या दाराले नवं सागवान येईपर्यंत बांबूची ताटी लावली. मातीचा बुवा तसाच राह्यला, त्याच्या हाताले मी पिशवी टांगते. घर बंद झालं तशी आत एवढी शांतता झाली का पयल्या दिवशी मले माझ्याच बांगड्यांचा आवाज मोठा वाटला. दिवसभर मी डाळीत मीठ किती टाकलं हे कोनीच सांगितलं नाई.

सांजच्याले साखळी वाजली.

मी चुलीजवळ होती. हात पुसले. उठली नाई. मी तशीच बसून राह्यली, आशाबाई बसे तशी. मंग म्हनलं, "कोन हाय?"

"मी."

"मी कोन?"

"भैयाजी. घरं बांधणारा."

"घर तं पोचूनं बांधलं."

"संशोधन करणारा भैयाजी, बाई."

"ते मले राग आला होता म्हनून झालं. कोन हाय?"

बाहेर वहाना काढल्याचा आवाज आला. मंग हळूच म्हने, "पडदे रंगवणारा भैयाजी. नोकरी सोडली, बाई. चामोर्शीच्या मंडळीनं बोलावलंय. निरोप घ्यायला आलोय."

माझ्या डोळ्यात पानी आलं. या पोरानं मले दार देतो म्हनलं होतं, अन् कसंबी असो, देल्लं होतं. मी उठली, साखळी काढली अन् दोन्ही फळ्या उघडल्या. तो आत आला, दाराले हात लावून पाह्यला, अन् चश्मा पुसत चुलीजवळ बसला. त्याच्या मागून आशाबाई पायरी चढून आली. तिच्या घरच्या ताटीतून बकरी घुसली अन् चाळनी तुडवली, म्हने, तू मंडईत घेतली ती दे. म्हनता म्हनता एक पाय आत टाकतच होती.

मी हात आडवा केला. तिले बाहेर केलं, दार लावून घेतलं, अन् आतून म्हनलं, "पयले वाजव."